एका पावसाळ्यासाठी सोडलेले जोते

माझे पती गेले त्याला वर्ष झाले, तेव्हा आमच्या वसाहतीने त्यांच्या स्मरणार्थ सभा ठेवली. सभा आमच्या घराला लागून असलेल्या सभागृहात होती. माझ्या स्वयंपाकघराची आणि सभागृहाची भिंत एकच आहे. त्यामुळे पाहुण्यांसाठी चहा उकळत असताना प्रत्येक वक्त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. एक तरुण वक्ता म्हणाला, "साहेबांनी स्वतःचं राहतं घर समाजाला देऊन टाकलं." टाळ्या झाल्या. मी गाळणी हातात धरून तशीच थांबले. या एका वाक्यात तीन चुका होत्या. ते घर राहते नव्हते. ते त्यांचे नव्हते. आणि त्यांनी ते दिले, असेही सरळपणे म्हणता येत नाही.

आयुष्यभर मुलींच्या वह्या तपासल्यामुळे चूक दिसली की तिच्याखाली रेघ ओढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सभेत उठून बोलणे बरे दिसले नसते, म्हणून येथे क्रमाने लिहिते. आमच्या पिढीतील स्त्रिया पतीचे नाव घेत नसत, मीही घेणार नाही. लोक त्यांना 'साहेब' म्हणत. मी 'हे' म्हणेन.

यांचा जन्म मानवतजवळच्या एका खेड्यात झाला. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. घराने धम्मदीक्षा घेतली तेव्हा हे शाळेत शिकत होते. पुढे औरंगाबादला वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकले आणि परभणीला सरकारी नोकरीत लागले. तलाव, बंधारे, खेड्यांचे रस्ते ही यांची कामे. बहात्तरच्या दुष्काळात तर महिनोन्‌महिने हे मजुरांबरोबर माळावरच असत. घरी येत तेव्हा भुवयांवरसुद्धा मुरमाची लाल धूळ असे.

घरात यांचे लक्ष नव्हते, असे मी म्हणणार नाही. रविवारी सकाळी दोन्ही मुलींच्या वेण्या हेच घालत. भांग सरळ आला की नाही हे पाहताना एक डोळा मिटून, ओळंबा धरल्यासारखी मान करत. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, संधिवात होता. त्यांच्या बाजेखाली हे स्वतः विटा लावून तिची उंची अशी साधत की उठताना गुडघ्यावर भार येऊ नये. पण वेण्या झाल्या की सायकल बाहेर निघे. कुणाच्या घराचा नकाशा, कुणाच्या विहिरीची जागा, कुठल्या शाळेची कललेली भिंत. जिंतूरचे काम असेल तर एसटीने जात आणि रविवार तिकडेच संपे. या कामांचा मोबदला घ्यायचा नाही, असे यांनी कधी म्हटले नाही. घेतला मात्र नाही.

आत्याबाई दारात बसून हे सारे पाहत. "पोरीचा भांग लय नीट पाडतोय," त्या मला ऐकू जाईल असे म्हणत. "पर आपली भिंत कवा उभी करायलाय, त्ये इचार त्याला."

भिंतीचा प्रश्न आमच्यासाठी साधा नव्हता. परभणीत आम्ही एका किराणा दुकानामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. दुकानाचे मालक शिवभक्त, गळ्यात लिंग धारण करणारे गृहस्थ. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांकडे येण्याआधी मी स्वतः खोल्या शोधत हिंडले होते, कारण हे कामावर असत. पद्धत सगळीकडे सारखीच होती. खोली दाखवत, भाडे सांगत, नळ केव्हा येतो तेही सांगत. मग आडनाव विचारत. आडनाव ऐकले की त्यांना आठवे, खोलीत पुढच्या आठवड्यात पाहुणे यायचे आहेत. अप्पांनी आडनाव ऐकून एवढेच विचारले होते, "बाई, तुमच्या शाळेत आमच्या पोरीला घेतील का?" त्या एका प्रश्नावर आमचा संसार त्या दोन खोल्यांत सुरू झाला. परंतु पुन्हा दारोदार आडनाव सांगत फिरायचे नाही, हे मी मनाशी पक्के केले होते. मला घर हवे होते ते यासाठी.

दुष्काळ सरला आणि आमच्या समाजातल्या शिक्षकांनी मिळून घरबांधणी संस्था काढली. शहराच्या कडेला, पेडगावच्या रस्त्याला, कापसाचे रान होते, ते घेतले. संस्था शिक्षकांची असल्याने हे तिचे सभासद होऊ शकत नव्हते. सभासद मी झाले आणि भूखंड माझ्या नावावर आला. वसाहतीचा आराखडा मात्र यांनी केला. रस्ते, गटारे, मधोमध सामाईक विहीर, सगळे यांच्या हातचे. आमची जागा त्या विहिरीला लागून होती. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला विहीर.

येथे काळ्या जमिनीविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचे समजणार नाही. आमच्याकडची काळी माती कापसाला जितकी चांगली तितकी भिंतीला वाईट. पाणी पिऊन ती फुगते, उन्हात आकसते. शाळेत मी मुलींना दोन ढेकळे दाखवीत असे, एक भिजवलेले आणि एक वाळलेले, म्हणजे त्यांना कळे. अशा जमिनीवर घर बांधायचे तर पाया मुरमापर्यंत खाली न्यावा लागतो. मग दगडी जोते बांधायचे, आत मुरूम भरून धुम्मसाने ठोकायचा आणि ते जोते एक पावसाळा तसेच सोडून द्यायचे. भरावाला काय बसायचे असेल ते त्या पावसाळ्यात बसते. "जोत्याला एक पावसाळा दाखवा, मग भिंत चढवा," असे हे प्रत्येकाला सांगत. आणि दुसरे एक सांगत: पायाच्या कडेला पाणी साचू देऊ नका. आमच्या शाळेच्या कारकुनाने न्हाणीचे पाणी भिंतीलगत सोडले, तेव्हा यांनी त्याच्या दारात उभे राहून मोरी हलवायला लावली होती. कारकून कुरकुरला. "साहेब, आंघोळीचं पाणी ते केवढं?" तर हे म्हणाले, "मातीला तांब्या आन्‌ तळं यातला फरक कळत न्हाई."

आमचे जोते वसाहतीत सर्वांत मोठे झाले. आई, दोन मुली, शिवाय गावाकडून शिकायला येणारी नात्यातली पोरे, असा हिशेब करून यांनी ते आखले होते. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी मी मागून घेतली होती. नकाशात ती होती. फक्त विहिरीकडच्या एका कोपऱ्यात मुरूम फार खोल निघाला. तेथे यांनी खणून वाळूचा थर दिला आणि मला बजावले, "या कोपऱ्याला पाण्यापासून जपायचं."

पावसाळा गेला. भराव बसला. भिंती चढवायच्या त्या हिवाळ्यात एक गृहस्थ आले आणि म्हणाले, मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग घ्यायला जागा नाही, परीक्षेपर्यंत तुमच्या जोत्यावर बसवू का? हे हो म्हणाले. मुलांच्या कपड्यांना मुरूम लागतो, म्हणून यांनी वरून चुन्याचा कोबा करवून घेतला. तेथेच सगळे फसले. तो कोबा पाटासारखा सपाट, स्वच्छ आणि रस्त्यापासून उंच. मग त्यावर रविवारची बुद्धवंदना होऊ लागली. बायका कुरडया, पापड वाळत घालू लागल्या. संध्याकाळी म्हातारी माणसे येऊन बसू लागली. परीक्षा झाली, पुढली आली. मी विचारी, "भिंत?" हे म्हणत, "एवढी बुद्धपौर्णिमा होऊ द्या." पौर्णिमा झाली की मुलांच्या सुट्टीचा वर्ग सुरू झालेला असे.

आमचे जोते गावाचे झाले, घर मात्र झाले नाही. येता-जाता लोक मला म्हणत, "बाई, तुमचं जोतं लय भारी हाय." जोत्याची स्तुती ऐकून घरी येऊन त्याच दोन खोल्यांत, किराण्याच्या पोत्यांच्या वासात स्वयंपाक करणे कसे वाटते, हे स्तुती करणाऱ्यांना कळण्याचे कारण नव्हते.

एका उन्हाळ्यात अप्पा खोलीच्या दाराशी आले. आत आले नाहीत, उंबऱ्यावरच उभे राहिले.

"बाई, थोरल्याचं लगीन ठरलंय. पुढल्या उन्हाळ्यात सून येईल घरात. खोल्या लागतील." मग स्वतःच अवघडून म्हणाले, "घाई न्हाई. साल हाय मधी. पर ध्यानात असू द्या."

अप्पांची चूक काहीच नव्हती. मी यांना सांगितले. हे म्हणाले, "सालभर म्हणजे पुष्कळ. दिवाळी झाली की भिंती धरतो."

त्याच आठवड्यात तहसील कचेरीतले एक शिपाई यांच्याकडे आले. त्यांच्या मुलीचे लग्न होते. मी दारात तांदूळ निवडत बसले होते.

"साहेब, आमच्या दारात तर बैल बी वळत न्हाई. तुमच्या जोत्यावर टाकू का मंडप?"

"टाका की. त्यात काय इचारायलाव?"

"बाईंना एकदा..."

"बाई न्हाई म्हणत नसतात."

मला विचारले गेले नाही आणि माझे उत्तर देऊनही झाले. लग्न मुलीचे होते, त्यामुळे मी तांदूळ निवडत राहिले. पण लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊन पाहते तो आचाऱ्यांनी मोठ्या कढया चढवण्यासाठी लांब चर खणली होती, आणि ती बरोबर त्या कोपऱ्याला खेटून. मी मुख्य आचाऱ्याला म्हटले, "इथे खणू नका. हा कोपरा कच्चा आहे."

त्याने पळी हलवीत उत्तर दिले, "बाई, साहेबच म्हणले, हिरीच्या बाजूला घ्या. लांबून पाणी आणायला माणसं कुठंयत? आन्‌ चुलीनं घर पडल्याचं कुठं ऐकलंय का तुमी?"

संध्याकाळी मी यांना सांगितले. यांनी कपाळाला हात लावला. विहीर जवळ, एवढाच विचार करून हे बोलून गेले होते. म्हणाले, "आता खणलीच हाय. दोन वेळचा तर सैपाक. उद्या बुजवून टाकू."

दुसऱ्या दिवशी वरात निघाली, भांडी तेथेच विसळली गेली, धोवण चरीत गेले. त्यानंतरच्या आठवड्यात दुसरे लग्न लागले. त्या मंडळींनी खणलेली चर आयती मिळाली म्हणून आनंदाने वापरली. त्या उन्हाळ्यात आमच्या जोत्यावर किती लग्ने लागली ते मी मोजले नाही. चर मात्र दर वेळी थोडी रुंद झाली. एकदा आत्याबाई स्वतः जाऊन फावड्याने राख आणि माती लोटून आल्या. ते पाहून हे म्हणाले, "आई, असं न्हाई चालत. ही भुसभुशीत माती पाणी धरून ठेवती. मुरूम घालून ठोकावं लागतं. येत्या रविवारी करतो."

आत्याबाई म्हणाल्या, "तुझा रविवार कोन्त्या पंचांगात येतोय, तेवढं सांग."

येत्या रविवारी हे जिंतूरला गेले. तेथे एका शाळेची भिंत कलली होती आणि मुले तिच्या सावलीत बसत होती. तेही काम महत्त्वाचेच होते. यांच्या बाबतीत मला कधी बिनमहत्त्वाच्या कामावर रागावता आले नाही, ही माझी खरी अडचण होती.

पावसाळा लागला आणि चर भरली. श्रावणात एके दिवशी शाळा सुटल्यावर मी जोत्याकडे गेले. विहिरीकडच्या कोपऱ्यातून कोब्यात एक तिरपी चीर निघाली होती आणि खाली दगडी बांधकामातही उतरली होती. किती खोल आहे ते पाहावे म्हणून माझी तपासणीची तांबडी-निळी पेन्सिल मी तिच्यात घातली. पेन्सिल हातातून सुटली आणि आत गेली. खाली लागल्याचा आवाज आला नाही.

संध्याकाळी हे आले. कोब्यावर पाणसळ ठेवली. तिच्यातला बुडबुडा मधोमध न थांबता एका बाजूला सरकला. हे उकिडवे बसून राहिले आणि म्हणाले, "उचललंय."

पुढच्या रविवारी सकाळी मुलींच्या वेण्या घालून झाल्यावर हे मला म्हणाले, "जोत्यावर चाललोय." मला वाटले, दुरुस्ती. मागोमाग मी गेले. पाहते तो वसाहतीतले पुरुष गोळा झाले होते आणि हे चिरेशेजारी उभे राहून काडीने दाखवत समजावून सांगत होते. माती कशी फुगली, कोपरा कसा उचलला, मोरीचे पाणी दूर का न्यायचे. कारकूनही होता. तो मान डोलवत म्हणाला, "आत्ता पटलं बगा, साहेब." पाठ उत्तम घेतला होता. मी शिक्षिका आहे, मला तो चांगला पाठ कळतो. पण ते माझे घर होते आणि त्याचा फळा झाला होता.

घरी आल्यावर मी विचारले, "शिकवून झालं?"

"झालं. लोकांना पटलं."

"आता मला शिकवा. अप्पांची सून आली की मी मुलींना घेऊन कोणत्या दारात उभी राहू? आडनाव विचारतील तेव्हा काय सांगू? आमचे हे लोकांची घरं बांधतात, असं सांगू?"

हे पाणसळ पुसत राहिले. मी पुन्हा म्हणाले, "त्या कारकुनाची मोरी हलवायला तुम्ही त्याच्या दारात जाऊन उभे राहिलात. लग्नघरच्यांना एवढंच सांगायचं होतं की चर चार पावलं अलीकडे खणा. तेही तुमच्या तोंडून निघालं नाही."

"त्यांची मोरी त्यांच्याच घराला बाधत होती, म्हणून सांगता आलं," हे म्हणाले. मग पाणसळ फडक्यात गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न पाहता बोलले. "आमच्या गावात मारुतीसमोर पार हाय. मोठा, दगडी. सांजच्याला सगळं गाव बसायचं. आमच्यातल्यानं खाली, धुळीत उभं राहून बोलायचं. माझा बाप जिनिंगमधून यायचा, पाय दुखायचे, तरी उभाच. आता लोक कुठंतरी टेकायलेत, बाई. त्यांना 'उठा, हे माझं हाय' म्हणायला माझी जीभ उचलत न्हाई."

मला ते पटले. पटल्यामुळेच राग अधिक आला. चुकीच्या उत्तराखाली रेघ ओढता येते. हे उत्तर बरोबर होते आणि तरीही माझ्या मुलींच्या डोक्यावर छप्पर नव्हते.

दिवाळी झाली, भिंती धरल्या नाहीत. कोपरा पुन्हा खणून बांधल्याशिवाय भिंत चढवता येणार नव्हती, आणि कोपरा खणायचा म्हटले की जोत्यावरचा अभ्यासवर्ग बंद ठेवावा लागणार होता. अशा वेळी वसाहतीची बैठक बोलावली गेली. बैठक जोत्यावरच. विषय असा की, सुट्टीच्या वर्गातल्या मुलांना ऊन लागते, तेव्हा साहेबांच्या जोत्यावर चार खांब रोवून पत्रे टाकावेत. हे एका बाजूला मान खाली घालून बसले होते. हे हो म्हणणार, हे मला दिसत होते. यांनी मान वर करण्याआधी मी उभी राहिले.

"हे जोतं साहेबांचं नाही," मी म्हणाले.

मागून कुणीतरी बोलले, "मंग कुणाचं, बाई? सरकारचं?" हशा पिकला.

"माझं. संस्थेची सभासद मी आहे."

हशा थांबला. आमच्याच शाळेतले एक वयस्कर मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, साहेबांचं आन्‌ तुमचं काय येगळं हाय का?"

"एरवी नाही, गुरुजी. पण खोली सोडायची वेळ आली की वेगळं होतं. साहेब कामावर असतात आणि दारोदार मी फिरते. तुम्हीही फिरला आहात. आडनाव सांगितल्यावर काय होतं ते इथं कुणाला समजावून सांगायला नको."

आत्याबाई नातींना घेऊन कडेला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी बी इचारते. मला निदान मरायला तरी छप्पर पायजे का न्हाई?"

"आजी, तुमी कशाला मरताव? तुमी आमाला पुरून उरताव," एक जण म्हणाला.

"उरंन की. पर उरून बसू कुठं? तुज्या पत्र्याखाली?"

या वेळी हसणारे आत्याबाईंच्या बाजूचे होते. मी तेवढ्यात माझे म्हणणे पुरे केले. बैठकीला येण्यापूर्वी मी ते पाठ टाचणासारखे मनात बांधून आणले होते. या जोत्यावर लोक बसतात, ते उठावेत असे मला वाटत नाही. पण सगळे जोते देणेही मला शक्य नाही. अर्धे मी वसाहतीला सभागृहासाठी लिहून देते. अर्ध्यावर आमचे घर होईल. मधली भिंत आधी उठेल. आणि तो कोपरा, ज्यांच्या लग्नासाठी चर खणली त्यांनी खणून द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुना आणि दोरी घेऊन जोत्यावर गेले आणि स्वतः रेघ टाकली. रस्त्याकडचा, पूर्वेचा भाग माझा. खिडकी तिकडेच होती. विहिरीकडचा, चिरलेला भाग सभागृहाचा. हा न्याय मला चोख वाटत होता. थोड्या वेळाने हे आले. रेघेच्या एका टोकाला बसले, फीत काढली, एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजले आणि तिरपे पाच भरते का ते पाहिले. भरले नाही.

"रेघ गुण्यात न्हाई, बाई," हे म्हणाले. "हे टोक धरा."

मी टोक धरले. आम्ही दोघांनी रेघ काटकोनात आणली. मग हे उठून म्हणाले, "आणखी एक. बाजू बदलाव्या लागतील."

"का?"

"सभागृहात गर्दी बसणार. पोरं बसणार. कोपरा नवा केला तरी खाली काळी मातीच हाय, त्याचा भरवसा मी देणार न्हाई. लोकांना मी तो कोपरा देणार न्हाई. आपण पाच माणसं. आपलं ध्यान राहील."

यांचे शास्त्र बरोबर होते. पूर्वेची खिडकी गेली, रस्ता गेला. आमच्या घराला आजही दारासमोर रस्ता नाही, बाजूने बोळ आहे. मी फितीचे टोक खाली टाकले आणि शाळेत गेले. त्या दिवशी मी मुलींना एरवीपेक्षा जास्त लेखन दिले.

कोपरा खणायला पहिला माणूस आला तो ज्यांच्या मुलीच्या लग्नात पहिली चर खणली गेली ते शिपाई. त्यांनी कुदळ उचलली. नंतर इतर आले. दगड निघाले, वाळू निघाली. तळाशी माझी तांबडी-निळी पेन्सिल सापडली. गवंड्याने ती धोतराला पुसून मला दिली. ती अजून लिहीत होती. नव्या कोपऱ्याला पावसाळा दाखवायला वेळ नव्हता; उन्हाळा लागण्याआधी आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर उभे राहिले. गिलावा व्हायचा होता, दारांना रंग नव्हता, तरी आम्ही सामान हलवले. निरोप द्यायला अप्पा आले आणि दोन्ही मुलींच्या हातांवर खडीसाखर ठेवून म्हणाले, "बाई, जागा सोडायलाव म्हणून बरं वाटना. पर तुमचं घर झालं, त्ये बरं झालं." नव्या घरातल्या पहिल्या रविवारी यांनी मुलींच्या वेण्या घातल्या आणि सायकल बाहेर काढली.

आता त्या तरुण वक्त्याच्या वाक्याकडे परत येते. घर राहते नव्हते, ते जोते होते. ते यांचे नव्हते, माझे होते, आणि वसाहतीला लिहून मी दिले. तिसऱ्या चुकीबाबत मात्र मला स्वतःचीच रेघ थोडी सुधारावी लागते. अर्धी जागा मी दिली. पण कोणती अर्धी द्यायची ते यांनी ठरवले, आणि चांगली ती दिली. सभागृहाच्या भिंतीला आजवर एकही चीर गेलेली नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या विहिरीकडच्या कोपऱ्यात दर उन्हाळ्यात केसाएवढी चीर उघडते आणि पावसाळ्यात मिटते. हे होते तोवर हेच ती चुन्याने भरत आणि भरताना माझ्या तोंडाकडे पाहत नसत. गेल्या उन्हाळ्यात ती मी भरली. नीट भरली गेली नाही. हे असते तर पुन्हा करायला लावले असते, या विचाराने मला त्यांचा पुन्हा राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते मात्र कळेना.

सभा संपल्यावर तो तरुण वक्ता चहाचे रिकामे पेले घेऊन आत आला. "बाई, भाषण बरं झालं का?" त्याने विचारले.

"आवाज चांगला होता," मी म्हणाले. "मजकूर तपासून घ्यायला हवा होता."

तो हसला. त्याला वाटले मी गंमत करते आहे. मग जरा अडखळत म्हणाला, "पुढच्या महिन्यात बहिणीचं लगीन हाय. सभागृह मिळंल न्हवं? सैपाकाची चर मागं, हिरीच्या बाजूला घ्यावी म्हणतो. पाणी जवळ पडतं."

मी पेले ठेवले, फळीवरून चुन्याचा डबा काढला आणि त्याला म्हणाले, "चल. कुठे खणायची ते मी दाखवते." आणि बोळातून पुढे झाले. रस्त्याकडच्या बाजूला, भिंतीपासून बरेच दूर, मी रेघ टाकली. तो म्हणाला, इथून पाणी लांब पडेल.

"पडू दे," मी म्हणाले. "माणसं लावा."